तारेचं माप

पत्र्याच्या शेडमध्ये, कुपवाडच्या वसाहतीत
माझी सदुसष्ट सालची फियाट
बॉनेट काढून उभी,
माझ्याच खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटसारखी.
आत इंजिन दुसरीचं,
जतच्या रस्त्यावर उलटलेल्या एका गाडीचं.
माणसं सुखरूप, हे आधी विचारून घेतलं,
मगच पैसे मोजले.
तीनदा साखळीला लोंबकळलं, चौथ्यांदा बसलं.

आता राहिला प्रश्न धुराचा.
चार भोकांतून सुटणाऱ्या आगीनं
कुठल्या वाटेनं जायचं?

मूळचा बिडाचा मॅनिफोल्ड
स्टीअरिंगच्या दांड्यावर जाऊन आपटतो.
कापा म्हटलं, तर गौसभाई मुजावर माझ्याकडे बघतात
जसा मी बघतो
धडधाकट दाढ काढा म्हणणाऱ्याकडे.
"बीड येकदा कापलं की परत मन लावून सांधत न्हाई, डाक्टर."

पुण्याहून आलेला तयार हेडर अजून खोक्यात,
आरशासारखा.
चारी नळ्या आखूड, एकदमच एका तोंडात घुसणाऱ्या,
पंगतीचं दार उघडल्यावर घुसतात तशा.
भाचा प्रणित त्याच्यावर फिदा:
"मामा, सहा हजारच्या पुढं काय ओरडेल!"
सहा हजारच्या पुढं मी कधी गेलो?
माझं जाणं मिरजेहून दंडोबाच्या चढापर्यंत,
मागं बायको, तिची बहीण, मांडीवर डबा,
दुसऱ्या गिअरात.

गौसभाई वाद घालत नाहीत.
जाड तार घेतात,
पहिल्या भोकापासून वाकवत नेतात
दांड्याच्या खालून,
ब्रेकच्या नळीला लांबून वळसा,
स्टार्टरला न शिवता खाली.
मग तारेवरून दोरा फिरवून मोजतात. सतरा इंच, दोन सूत.
दुसरी तार. सतराला कमी.
मोडतात, पुन्हा वाकवतात.
"येक नि चार एका घरात,
दोन नि तीन एका घरात,
मग दोन्ही घरं एका गल्लीला.
एकाचा धूर जाताना दुसऱ्याला
हाताला धरून नेतो बगा.
पण पावलं सारखी पायजेत."

ती तार मी हातात घेऊन बघितली.
तीस वर्षं हेच करतोय,
पोरांच्या वाकड्या दातांवर, बारीक पक्कडीनं.
हवी त्याहून जरा जास्त वाकवायची,
थोडी मागं येतेच,
हे मला कॉलेजात शिकवलं.
गौसभाईंना कुणी सांगितलं?

"लांबचेच करा," मी म्हणालो.
ते हसले, आणि हसता हसता गाल धरला.
खालची, उजवी, सहावी. दुरूनच कळली मला.
आठ महिने लवंग दाबून फिरताहेत.
दिवसभर कानाशी ग्राइंडर चालवणारा माणूस
माझ्या ड्रिलच्या आवाजाला भितो!

सौदा तिथंच, पान्याच्या पेटीवर बसून.

कृष्णेची वाळू तव्यावर भाजून कोरडी केली,
पाइपात ठासली, लाल होईस्तोवर तापवून
तारेबरहुकूम वाकवला त्यांनी.
एक सुरकुती नाही.
मी त्यांच्या दाढेतल्या तीन नळ्या साफ केल्या, भरल्या,
त्यातली एक अशी वाकडी
की मलाही तिथं तार आठवली.
मशीन चालू असेपर्यंत
त्यांच्या पायाचा अंगठा छताकडे ताठ.

पैसे कुणी कुणाला दिले नाहीत.
चार तारा मागितल्या, त्याही दिल्या नाहीत.
खिळ्याला टांगल्यात, चिठ्ठी बांधून, माझ्या नावाची.
"पाइप काय, धा वर्सांत सडतोय. माप ऱ्हाऊ दे हितं."

रविवारी गाडी चालू केली.
आवाज मोठा नाही. घोगरा,
पहिला चहा न झालेल्या माणसासारखा.
प्रणितचं तोंड पडलं.
गौसभाई मान कलती करून ऐकत राहिले बराच वेळ.
"तीन नंबरला गळतंय कुठंतरी," म्हणाले,
"उद्या आवळू."
मग जीभ दाढेवरून फिरवली, सावकाश,
"हितं न्हाई गळत."